हाफ क्लचवर

माझा भाऊ चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो आणि फावल्या वेळात क्लच जाळतो. पहिल्या कामाचा त्याला पगार मिळतो. दुसरं काम मला निस्तरावं लागतं, कारण गॅरेज माझं आहे.

म्हणजे, आप्पांचं आहे. आप्पा म्हणजे आमचे वडील. पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे, मी फक्त रंग नवा दिलाय. भाऊ चालवतो ती गाडीही त्यांचीच. टाकीचा रंग उडून पत्रा दिसायला लागलाय, पण इंजिन असं की शेजारी उभं राहून खुशाल गप्पा माराव्यात, आवाज चढवायची गरज नाही. आप्पांच्या हातात त्या गाडीचा क्लच किती वर्षं टिकला असं विचाराल, तर मला सांगता यायचं नाही, कारण तो गेलेला मी बघितलाच नव्हता. आणि ह्या पठ्ठ्याच्या हातात गाडी आली काय, क्लचमागून क्लच!

पहिल्यांदा गेला तेव्हा मी म्हटलं, असू दे, गाडीचं वय झालंय. दुसऱ्यांदा गेला तेव्हा मी त्याला दारातच असं फैलावर घेतलं की समोरचा कुलुपं विकणारा दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा तो गाडी ढकलत मागच्या गल्लीने आला, म्हणजे कुलूपवाल्याला दिसायला नको. घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शर्टाची एक बाही तेलात, आणि तोंडावर ते जन्मजात गरीब हसू.

"ताई, गाडी ओढत नाहीये गं. इंजिन ओरडतंय नुसतं."

"इंजिन नाही ओरडत. मी ओरडणार आहे. आधी ती गाडी स्टँडवर लाव."

लोकांना वाटतं, क्लच म्हणजे काय, जुन्या प्लेटा काढायच्या, नव्या घालायच्या. या एकदा, बसा माझ्याबरोबर जमिनीवर. आधी सगळं ऑइल काढा. मग फुटरेस्ट काढा, ब्रेकचं पेडल काढा, किक काढा, कारण क्लच बनवणाऱ्याने तो सगळ्यांच्या मागे नेऊन दडवलाय. मग कव्हरचे बोल्ट. त्यातला एक हमखास गंजलेला असतो आणि तो सायलेन्सरच्या मागे असतो. कव्हर निघालं की त्याचं पॅकिंग अर्धं इकडे, अर्धं तिकडे चिकटलेलं. ते ब्लेडने खरवडत बसा, हळूच, कारण एक चरा पडला की पुढे तिथूनच तेल गळणार आणि लोक म्हणणार, बाईने गाडी उघडली ना, तरीच. एवढं झाल्यावर कुठे क्लचचं तोंड दिसतं. प्लेटा महाग, पॅकिंग महाग, ऑइल महाग, आणि त्यात माझा दिवस. त्या दिवशी पैसे देणारी गिऱ्हाइकं दाराशी येऊन परत जातात, आणि मी भावाची गाडी मांडीवर घेऊन बसलेली असते.

ऑइल काढलं तेव्हाच वास आला. जळका, कडवट, नाकात बसणारा. प्लेटा बाहेर काढल्या तर लोखंडी प्लेटा निळ्या पडलेल्या आणि मधल्या घासून पार बोडक्या झालेल्या. मी एक त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"प्लेट."

"निळी का?"

"कंपनीनेच..."

"कंपनीला मध्ये आणू नकोस! हाफ क्लचवर चालवतोस तू. अर्धा दाबलेला, अर्धा सोडलेला. इंजिन म्हणतं पळ, चाक म्हणतं थांब, आणि मधल्या मध्ये ह्या बिचाऱ्या घासून मरतात. एवढा क्लच बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवल्याशिवाय जळत नाही. कुठे जातोस रे तू असा रांगत?"

त्याचे कान लाल झाले. माझा भाऊ खोटं बोलायला लागला की आधी कान लाल होतात, शाळेत असल्यापासून. आई तर त्याला प्रश्न विचारून कानांकडेच बघायची, उत्तर ऐकायचीच नाही.

"ट्रॅफिक असतं ना," तो म्हणाला.

दुकान ते घर, मध्ये एक सिग्नल. कसलं ट्रॅफिक डोंबलाचं!

मी पॅकिंग खरवडता खरवडता विचार करत होते, आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. क्लच असा कधी जळतो? कोणी गाडी शिकत असलं की. मागे बसून "सोड, सोड, हळू सोड" म्हणायचं आणि पुढच्याने इंजिन ताणत हाफ क्लचवर गाडी रांगवायची. हा कोणाला तरी गाडी शिकवतोय! आणि कान लाल होतायत, म्हणजे मुलीला शिकवतोय. माझा राग तिथल्या तिथे निम्म्यावर आला. एवढा घोडा झाला तरी ह्याचं लग्नाचं नाव नाही म्हणून आई झुरत होती. सून येणार असेल तर एखादा क्लच गेला, चालतंय की.

मी आईला फोन लावला. "आई, चष्म्याचं कुठे जमलंय का?" भावाला मी चष्माच म्हणते.

आई म्हणाली, "असेल बाई. मला कोण सांगतं."

"रोज संध्याकाळी गाडी घेऊन कुठे जातो?"

"जातो जरा बाहेर. तुझं जेवण झालं का?"

सकाळचे दहा वाजले होते. आईला विषय बदलायचा असला की ती कुठल्याही वेळी जेवणावर येते. म्हणजे आईलाही माहीत होतं! सगळं घर एक झालं होतं आणि क्लच बसवणारी मी तेवढी परकी.

"आणि आप्पा कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत."

"गॅरेजचं काही विचारलं?"

"नाही गं."

हे मी रोज विचारायचे आणि आई रोज हेच सांगायची.

आप्पा ह्याच गॅरेजमध्ये पडले होते. माझ्यासमोर. एक कव्हर बसवत होते, आणि डाव्या हातातला पाना खाली पडला. मी म्हटलं, आप्पा, पाना. त्यांनी उचलायला हात नेला आणि हात गेलाच नाही. मग ते स्वतःच हळूच खाली बसले, आणि बसल्या जागी कलंडले. दवाखान्यातून महिन्याभराने घरी आले ते डावा पाय ओढत. डाव्या हाताच्या बोटांत जोर नाही. कपबशी धरता येते, क्लचची दांडी दाबता येत नाही. म्हणजे गाडी बंद. आणि मागे बसायचं म्हणाल, तर आप्पा आयुष्यात कोणाच्या मागे बसले नाहीत. "मला पुढचं दिसल्याशिवाय बसवत नाही," म्हणायचे. दवाखान्यातून आणायला मी गाडी घेऊन गेले होते, तर त्यांनी टॅक्सी बोलावायला लावली आणि मला टॅक्सीच्या मागून यायला सांगितलं.

तेव्हापासून आप्पा गॅरेजमध्ये आले नाहीत. मी त्यांचं स्टूल होतं तिथेच ठेवलं. रोज पुसते. सुट्टीच्या दिवशी माहेरी जाते, तेव्हा गॅरेजच्या गोष्टी मुद्दाम काढते. अमुक गाडी आली होती, तमुक बोल्ट तुटला, मी असा काढला. आप्पा खिडकीबाहेर बघत "हं" म्हणतात. एकदा मी सरळ विचारलं, "येता का बघायला? चष्मा सोडेल तुम्हाला." तर म्हणाले, "तू बघतेयस ना. मग झालं."

आता ह्याचा अर्थ काय लावायचा, तुम्हीच सांगा. मी असा लावला की त्यांना माझं काम बघवत नसणार. आप्पांनी शिकवताना कधी "छान" म्हटलं नाही. चूक असली की पुन्हा उघडायला लावायचे, आणि बरोबर असलं की काही न बोलता पुढची गाडी समोर आणून ठेवायचे. तेवढ्यावर मी समजून घ्यायचे. आता पुढची गाडी आणून ठेवायलाही कोणी नव्हतं. अख्खं गॅरेज चालवत होते, माणसं लांबून येत होती, आणि माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आप्पांनी एकदा दारातून आत यावं, चार गाड्या बघाव्यात, आणि काहीतरी बोलावं. शिवी दिली तरी चालली असती.

असो. मी क्लच बसवला. नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजवल्या, एकाआड एक लावल्या, स्प्रिंगा सारख्या आवळल्या, वायरची ढील बघितली, कव्हर लावलं. राग असला तरी काम मी रागात करत नाही. ते मला आप्पांनी करूच दिलं नाही कधी. गाडी भावाच्या ताब्यात दिली आणि म्हटलं, "तिला म्हणावं, सायकलवर शीक आधी."

"कोणाला?"

"चष्मा, निघ."

तो गेला, पण माझ्या जिवाला चैन पडेना. मुलगी बघायचीच, असं मी ठरवलं, नवऱ्याला तसं सांगितलंही. पुढल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाची स्कूटर चाचणीला म्हणून बाहेर काढली, डोक्यावर हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि निघाले हेरगिरी करायला. पण ज्या बाईने अख्ख्या भागातल्या गाड्या उघडल्यात तिला कसली हेरगिरी जमतेय! पहिल्याच वळणावर इस्त्रीवाला ओरडला, "ताई, माझ्या गाडीचा हॉर्न!" पुढे औषधाच्या दुकानातली बाई हात हलवून म्हणाली, "हेल्मेट छान दिसतंय." मी मनातल्या मनात सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत आईच्या घराच्या रस्त्याला लागले.

आईच्या घरापासून गॅरेजकडे येणारा रस्ता आधी चढ आहे. चढाच्या माथ्यावर बेकरी, तिथे वळण, आणि वळणावरून खाली उतरलं की आमची पाटी दिसते. मी बेकरीसमोर उभ्या असलेल्या पावाच्या गाडीआड स्कूटर लावली आणि चढावर नजर ठेवली.

आवाज आधी आला. आप्पांच्या गाडीचा आवाज मी झोपेत ओळखेन. इंजिन ताणलेलं, चाक अडलेलं, हाफ क्लचचा तो कण्हल्यासारखा आवाज. मी दात खाल्ले. मग गाडी दिसली. भाऊ दोन्ही पाय बाहेर काढून बदकासारखा चालवत होता. पुढे तो एकटाच. मागे कोणी बसलेलं नव्हतं.

मागे कोणीतरी चालत होतं.

आप्पा. उजव्या हाताने मागचा कॅरियर धरलेला, डावा पाय अर्धवट उचलत, अर्धवट ओढत, मान खाली, एकेक पाऊल टाकत आप्पा चढ चढत होते. भाऊ पुन्हा पुन्हा मागे बघत होता. आप्पांचं पाऊल अडखळलं की तो क्लच दाबायचा, पाऊल पडलं की थोडा सोडायचा. गाडी त्यांना ओढत नव्हती आणि मागे घसरतही नव्हती. त्या चढावर, त्या वेगाने! क्लच जळेल नाही तर काय होईल!

मी पावाच्या गाडीआड तशीच खिळून राहिले. हेल्मेटच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता.

ते वळणावर येऊन थांबले, माझ्यापासून हातभर अंतरावर म्हणा ना. मध्ये फक्त पावाची गाडी. आप्पांनी कॅरियरवर अंग टेकलं. धाप लागली होती. मग मान वर करून त्यांनी खाली गॅरेजकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"शटर उघडं आहे ना?"

"आहे. तीन गाड्या बाहेर लावल्यात."

"ती दिसतेय का?"

भावाने चष्मा पुसला, पुन्हा घातला. "नाही दिसत."

"खाली बसली असेल कामाला. ती उभ्याने काम करत नाही." आप्पा जरा हसले. माझ्याकडे बघून कधी हसले नव्हते तसे.

"आप्पा, आज जाऊ या ना. आता उतारच आहे. आणि माझं ऐका, आपण गाडी बंद करून ढकलत आणू, नाहीतर काठी घ्या. ताई मला सोलून काढते हो! मी तिला किती दिवस थापा मारू?"

"काठी नको. आणि बंद गाडी ढकलत नेलीस तर लोक काय म्हणतील? गॅरेजवाल्याची गाडी रस्त्यात बंद पडली म्हणतील. तिच्या धंद्याचं काय?"

"मग जाऊ या तरी."

"अजून नाही. असा फरफटत आलेला तिने बघायला नको मला. तिच्यासमोर एकदा पडलोय तेवढं पुरे. नीट चालता आलं की जाईन. फिरव गाडी."

आणि गाडी फिरली. मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले, आणि सरळ सांगते, भर रस्त्यात, पावाच्या गाडीला टेकून, हेल्मेटच्या आत ढसाढसा रडले. बेकरीवाला बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, काच वर करा, धुकं धरलंय."

पळत जाऊन त्यांना मिठी मारावी असं वाटलं. मारली असती तर आप्पा पुन्हा त्या चढावर आले नसते. मी माझ्या बापाला ओळखते. म्हणून स्कूटर घेऊन गुपचूप परत आले, आणि घरी नवऱ्याने "बघितली का मुलगी?" विचारलं तेव्हा त्याच्यावरच खेकसले.

चष्मा चौथ्यांदा आला तेव्हा गाडी मागच्या गल्लीतच सोडून आधी एकटा आत आला, म्हणजे मी फेकून काही मारलं तर गाडीला लागायला नको. मी म्हटलं, "आण आत. ठेव. उद्या संध्याकाळी ने."

तो जागचा हलेना. "ताई, तुला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

"ओरडली नाहीस."

"ओरडू?"

"नको, नको." तो गेला, पण दारातून दोनदा वळून बघितलं.

त्या रात्री मला सुचलं नव्हतं, सकाळी सुचलं. नुसता क्लच बदलून काय उपयोग, तो पुन्हा जळणारच. गाडीच हळू चालली पाहिजे. गॅसच्या टाक्या पोचवणारा एक जण आहे, त्याची मोडीत काढलेली गाडी मागे पडून होती. ओझं वाहणाऱ्या गाडीला मागचं दात्यांचं चाक, म्हणजे स्प्रॉकेट, मोठं लावतात. ते काढून आप्पांच्या गाडीला लावलं. पुढचं आहे त्याहून लहान शोधून लावलं, चेन वाढवली. असं केलं की पहिल्या गियरमध्ये क्लच पूर्ण सोडला तरी गाडी आपल्या दमावर माणसाच्या पावलाने चालते. वेगाचा सत्यानाश होतो, मोठ्या रस्त्यावर सायकलीसुद्धा पुढे जातात. जाऊ देत. मग क्लचमध्ये नव्या प्लेटा भरल्या, इंजिनचा वेग खाली आणला, आणि स्वतः चढावर नेऊन बघितली. शेजारून एक आजी चालत होत्या. त्या आणि मी बेकरीपर्यंत बरोबर पोचलो.

भावाला फक्त एवढंच सांगितलं, "गाडी हळू केलीय. पहिल्या गियरमध्ये क्लच सोडून दे, हात लावू नकोस."

"का?"

"मी सांगते म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायला लागली तशी मी एक स्कूटर पुढ्यात ओढली आणि रस्त्याकडे पाठ करून खाली बसले. हातात पाना होता, पण काय करत होते ते विचारू नका. कुलूपवाल्याला सांगून ठेवलं होतं, काही दिसलं तरी मला हाक मारायची नाही.

वळणावर आवाज आला. ह्या वेळी कण्हणं नव्हतं. डुग, डुग, डुग, इंजिन निवांत. मग आवाज थांबला. रोज थांबतो तिथेच. मी कान टवकारून बसले. आता फिरेल, आता आवाज लांब जाईल. वर काहीतरी बोलणं चाललं होतं, शब्द कळत नव्हते. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही.

आवाज पुन्हा सुरू झाला आणि जवळ यायला लागला.

मी मागे बघितलं नाही. किती मोह झाला म्हणून सांगू! पण नाही बघितलं. गाडीचा आवाज दारापर्यंत आला, बंद झाला. मग पाय घासत येण्याचा आवाज. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. माझ्या पाठीमागे येऊन ते थांबले.

"मागचं स्प्रॉकेट कुठल्या गाडीचं काढलंस?"

"गॅसवाल्याच्या," मी स्कूटरकडे बघतच म्हणाले.

"पुढचं लहान केलंस."

"हो."

"तरीच चेन वेगळी वाजतेय. ह्याला विचारलं तर ह्याचे कान लाल." त्यांनी दम घेतला. "गाडी माझ्या पावलाने चालायला लागली, म्हणजे तुला कळलंच होतं, मग वर थांबून काय करू? आता मागे बघितलंस तरी चालेल."

मी वळले. आप्पा घामाघूम, एक हात दाराच्या चौकटीला. मागे चष्मा, हसावं की पळावं ते न कळून उभा. मी स्टूल पुढे सरकवलं. आप्पा बसले आणि गॅरेजभर नजर फिरवली. भिंतीवरच्या पान्यांवर थांबले.

"आकाराप्रमाणे लावलेस."

"हो."

"मी कामाप्रमाणे लावायचो."

"मला तसे सापडत नाहीत."

"हं," आप्पा म्हणाले. लाव परत असं म्हणाले नाहीत.

आणि मग माझा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "आप्पा, तुम्ही! रस्त्यावरून कोणी हाफ क्लचवर गाडी नेली तर जेवणावरून उठून शिव्या घालणारे तुम्ही! तुमच्या नाकाखाली तुमच्याच गाडीचा क्लच जळत होता. तुम्हाला वास येत नव्हता?"

"रोज येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी भावाकडे बघितलं. "बोललो असतो तर ह्याने गाडी बंद केली असती आणि काठी आणून दिली असती. काठी माझ्याशी काय बोलणार? हा दुकानातल्या गमती सांगतो येताना." मग ते उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं चोळत राहिले. "आणि मला बघायचं होतं."

"काय?"

"तुझा क्लच. रोज कॅरियरला हात असायचा ना माझा, सगळं कळायचं हाताला. कुठे धरतो, कुठे सोडतो. एवढा चढ, एवढ्या हळू, रोजचं घासणं, तरी धक्का नाही, हिसका नाही. मी मनात म्हणायचो, आज जाईल. लवकर जायचा नाही. माझ्या हाताने बसवलेला असता ना, तर त्या चढावर केव्हाच मेला असता." ते माझ्याकडे बघत नव्हते, पान्यांकडे बघत होते. "चांगलं काम करतेस तू."

माझ्या हातातला पाना खाली पडला. मी उचलला, पुन्हा पडला. भाऊ म्हणाला, "ताई रडतेय," आणि मी त्याला म्हटलं, "तू गप रे मेल्या, क्लच जाळणाऱ्या," आणि आणखीच रडले. ओरडून ओरडून मी ज्याच्या घशाला कोरड पाडली होती त्यानेच मला पाणी आणून दिलं.

आप्पा स्टूलवर बसून माझ्या पुढ्यातल्या स्कूटरकडे वाकून बघत होते. "हिला काय झालंय?"

"काही नाही. उगाच घेऊन बसले होते."

"वाटलंच. पाना उलटा धरला होतास."

निघायची वेळ झाली. आप्पा उठले, पण डावा पाय थरथरत होता. उतारावरून आलेले, आता जाताना चढ. भावाने गाडीकडे बघितलं, मी आप्पांकडे बघितलं. मी म्हटलं, "बसा गाडीवर. सोडते."

समोर कुलूपवाला उगाच एकच कुलूप पुसत होता.

"कोण चालवणार?" आप्पांनी विचारलं.

"मी."

"ह्याला देणार नाहीस ना?"

"त्याला चालत येऊ दे. जरा पायांना व्यायाम."

आप्पांनी सीटवरून हात फिरवला, मागच्या अर्ध्या भागावरून. मग मान हलवली. मी गाडी कलती केली, भावाने कमरेला धरून त्यांना वर चढवलं, त्यांचा डावा पाय उचलून फुटरेस्टवर नीट ठेवला. मी पुढे बसले, किक मारली. माझ्या खांद्यावर आप्पांनी हात ठेवला. डावा हात. त्या बोटांत जोर नव्हता, पण ती धरून होती.

आयुष्यात शेकडो गाड्यांचे क्लच सोडले असतील, इतक्या हळू मी एकही सोडला नव्हता. गाडी हलली. पहिल्या गियरमध्ये डुगडुगत वळणापर्यंत चढली, बेकरीपाशी आली, जिथून आप्पा रोज परत फिरायचे. तिथे त्यांनी एकदा मागे वळून पाटीकडे बघितलं असावं, कारण खांद्यावरचा हात जरा हलला.

मग माझ्या कानाशी आप्पांचा आवाज आला.

"हं. आता दुसरा टाक."